गाळातल्या पंगती

चप्पल लेनमध्ये चपला घ्यायला गेले की सर खिशातून होकायंत्र काढत. दुकानदार जोडांचा ढीग पुढं टाकायचा आणि सर एकेक चप्पल फरशीवर ठेवून तिच्यावरून ते होकायंत्र सावकाश फिरवायचे. सुई जराशी थरथरली की चप्पल बाद. "हिच्यात खिळा आहे," असं ते शांतपणे सांगत. दुकानदार शपथेवर सांगायचा की आमच्या घराण्यात चपलेला कुणी खिळा मारलेला नाही, सगळी शिवण कातड्याच्या वादीची. सर नुसती सुई दाखवायचे. एकदा मी बरोबर होते, तेव्हा आतून दुकानदाराचे म्हातारे वडील बाहेर आले आणि म्हणाले, "पावणं, चपला हाईत त्या, बाँब न्हवं. घालायच्या असतील तर घाला, न्हायतर पुढचं दुकान तपासा जावा." सरांनी बिनखिळ्याचा एक जोड निवडला, पैसे दिले आणि जाता जाता म्हाताऱ्याला सांगितलं, "तुमचं लोखंडी शटर सुईला फार त्रास देतं हो."

हा माणूस वेडा आहे, यावर कोल्हापुरात दुमत नव्हतं. सुरुवातीला मीही बहुमतातच होते.

मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर लागले, म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे, आणि सुट्टीत हवा खा. आमचा भूशास्त्र विभाग म्हणजे सर, मी आणि कपाटातले दगड. त्यात दगडांची नोकरी तेवढी कायम होती. पहिल्याच दिवशी सर मला त्यांची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेले. दाराबाहेर एक लाकडी पेटी ठेवली होती. सर म्हणाले, "पिना काढा."

"काय?"

"केसातल्या. आणि साडीच्याही."

साडीच्या पिना काढून बाईमाणसानं आत कसं यायचं, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. मी एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं अंबाडा धरून ती सगळी प्रयोगशाळा पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रेस घालून, केसांना दोरा बांधून जायला लागले. सासूबाईंनी विचारलं, कॉलेजात शिकवतेस की दीक्षा घेतलीस? सर स्वतः कमरेला पट्ट्याऐवजी सुती नाडी बांधत. अंगावर लाकडी बटणांचा सदरा असे, हातात घड्याळ नसे. वेळ विचारली तर खिडकीच्या सावलीकडं बघून सांगत, आणि ती प्राचार्यांच्या घड्याळापेक्षा बरोबर निघे.

आता हे सगळं कशासाठी, तर गाळासाठी. सर तळ्यांचा गाळ मोजत. मला समजावून सांगताना ते म्हणाले, "लग्नाची पंगत बघितली आहे ना? जिलबीचं ताट ज्या बाजूनं येतं, तिकडं सगळ्यांची तोंडं वळलेली असतात. त्या पंगतीवर आता माती टाका."

"जेवणाऱ्या माणसांवर, सर?"

"समजा हो. त्या मातीवर दुसरी पंगत बसवा. तोवर वाढप्यानं दार बदललेलं असतं, म्हणून तिची तोंडं जरा वेगळीकडं. तिच्यावर पुन्हा माती, पुन्हा पंगत. काही शतकांनी कुणी उकरलं तर कुठल्या लग्नात जिलबी कुठून आली ते कळेल की नाही?"

तळ्यातही असंच घडतं म्हणे. आपल्याकडची माती काळ्या कातळाची, तिच्यात लोखंडी खनिजाचे अतिशय बारीक कण असतात. पावसाबरोबर ती तळ्यात येते आणि शांत पाण्यातून खाली बसताना प्रत्येक कण होकायंत्राच्या सुईसारखा चुंबकीय उत्तरेकडं तोंड करतो. वरून पुढच्या वर्षीची माती पडली की तो तसाच अडकतो. पृथ्वीचं चुंबक काही एका जागी गप्प बसत नाही, शतकानुशतकं इकडं तिकडं सरकत राहतं. म्हणून गाळाचा उभा खांब न हलवता काढला आणि खालपासून वरपर्यंत थर मोजले, तर ते कधी कुठं होतं याचा सगळा हिशेब लागतो. मात्र या कणांचा जोर इतका नाजूक की जवळ किल्ल्यांचा जुडगा आला तरी मोजमाप बिघडतं. आमच्या नव्या इमारतीत सळया ठासून भरलेल्या, म्हणून सरांनी मागच्या बाजूची दगडी खोली मागून घेतली होती. तिथं पूर्वी लेझमी आणि फाटकी जाळी ठेवत. लाकडी तुळया, लाकडी दार, मध्ये सरांनी स्वतः गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे मोठमोठे वेढे आणि त्यांच्या पोटात मोजायचं यंत्र. प्राचार्यांना ती खोली पाडून तिथं सेल्फी पॉइंट करायचा होता.

सरांना कुणी साधा प्रश्न विचारू नये, हे त्यांच्या गल्लीलासुद्धा माहीत झालं होतं. त्यांच्या शेजाऱ्यानं बंगला बांधायला काढला तेव्हा बिचाऱ्यानं कुंपणावरून विचारलं, "सर, उत्तर दिशा नेमकी कुठली हो?"

"कुठल्या शतकातली?"

शेजारी सोशिक होता. तो म्हणाला, "चालू."

मग सरांनी त्याला उन्हात उभं करून सांगितलं, की होकायंत्रातली एक, ध्रुवताऱ्याची दुसरी आणि तुमच्या अंगणातल्या कातळानं बिघडवलेली तिसरी, यातली कुठली हवी? एवढ्यात त्याचा वास्तुतज्ज्ञ आला. त्यानं मोबाइलमधलं होकायंत्र उघडून स्वयंपाकघर कुठं सरकवायचं ते दाखवलं. सरांनी जवळचा एक काळा धोंडा उचलून मोबाइलला टेकवला. सुई गर्रकन फिरली. "आता घर फिरवा," सर म्हणाले. या प्रकारानंतर शेजाऱ्यानं एकाशी बोलणं कायमचं सोडलं, आणि तो एक म्हणजे वास्तुतज्ज्ञ नव्हे.

चहाचंही तसंच. सर साखर घातल्यावर चहा ढवळत नसत. ती तळाशी बसू देत, वरचा चहा तोंड वाकडं न करता कडू पीत आणि शेवटी खालची साखर चमच्यानं खात. दुसऱ्यानं ढवळला तरी त्यांना बघवत नसे, हात पुढं करून "हलवू नका" म्हणत. कँटीनवाला त्यांना मागे हलवूनका सरच म्हणायचा.

इतकं सगळं करून सरांच्या हाती उभ्या नोकरीत एका तळ्याचाही धड गाळ लागला नव्हता. कारण एकच, स्वच्छतेची आवड. सर एखादं तळं हेरत, कागदपत्रं करत, परवानगी मिळवत, आणि तोवर कुणीतरी त्या तळ्याचं सुशोभीकरण करून मोकळं होई. एका ठिकाणी संगीत कारंजं आलं. दुसऱ्या ठिकाणी बोटिंग आलं. तिसऱ्या ठिकाणी म्हशींनी काठापासून मध्यापर्यंत सगळा इतिहास तुडवून ठेवला होता. सर त्या डुंबणाऱ्या म्हशींकडं बघत म्हणाले, "यांना दोष देऊ नका, यांना कुणी निधी दिलेला नाही." माणसं स्वच्छ तळ्यांसाठी नवस करत असताना सर एका घाणेरड्या तळ्यासाठी जीव टाकत होते.

ते तळं शेवटी कागलच्या अलीकडं आत वळल्यावर एका गावात सापडलं. जुनं गावतळं, एका अंगाला देऊळ, दगडी पायऱ्या, आणि मध्यभागी कुणीच कधी हात न लावलेला गाळ. सरांना निवृत्तीला काही महिने उरले होते. आणि त्याच उन्हाळ्यात गाळ काढायचं गावानं ठरवलं होतं. हा गाळ म्हणजे उसाला सोनं, ज्याचा ट्रॅक्टर आधी लागेल त्याची ट्रॉली आधी भरणार. म्हणजे सरांना खांब मिळाला तर आता, नाहीतर कधीच नाही.

सरपंच तरणाबांड गडी होता, ऊस आणि दूध दोन्हीत पाय रोवलेला, बोलताना समोरच्याच्या पाठीत थाप घालणारा. त्यानं विचारलं, "गाळ न्ह्यायला आलाय न्हवं? ट्रॉली कुठाय?"

"ट्रॉली नको. पाइपभर पुरे," सर म्हणाले.

"पाइपभर?" सरपंचानं माझ्याकडं बघितलं. "मॅडम, सरांचं रान किती हाय?"

मी त्याला पंगतीची गोष्ट सांगितली. जिलबीपाशी त्याचा चेहरा खुलला. "म्हंजी आमच्या तळ्यानं जगाचं चुंबक ध्यानात ठेवलंय म्हणा की!" मात्र खोदाई महिनाभर पुढं ढकला म्हटल्यावर त्यानं कानाला हात लावला. "सर, ते न्हाय जमायचं. मशिनं ठरल्यात, साहेबांची तारीख मिळालीया. साहेबांच्या तारखेला पाऊस बी इचारून पडतो. तुमी आदल्या दिवशी काय काढायचं ते काढा, सगळं गाव मदतीला देतो."

आणि खरंच दिलं. प्लॅस्टिकचे ड्रम आणि बांबू बांधून तराफा केला, लोखंडाचा तुकडा नाही. गावच्या पोरांनी हातातली कडी, अंगठ्या, पट्टे, मोबाइल सगळं काढून काठावर एका पंच्यात बांधून ठेवलं. सरपंचानं तर गळ्यातली साखळीसुद्धा काढली, सर म्हणाले सोनं चालतं तरी. मग प्लॅस्टिकचा लांब पाइप, त्याच्यावर सरांनी ओढलेली उत्तरेची तांबडी रेघ, आणि सगळ्यांनी मिळून तो इंच इंच खाली दाबलेला. वर आला तेव्हा आत काळा, करडा, पुन्हा काळा असा अखंड गाळ होता. तुटला नव्हता, हलला नव्हता. सर हसले. इतक्या वर्षांत त्यांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

पाइप रात्रभर देवळाच्या सभामंडपात उभा ठेवायचा होता. सरांनी सरपंचाला बजावलं, "उभाच राहिला पाहिजे. तसूभर हलता कामा नये."

"सर, तुमी काय बी काळजी करू नगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाइप न्यायला गेलो तर गावात मंडप पडलेला. खोदाईचा नारळ फोडायला साहेब येणार होते, तेव्हा सरपंचानं ठरवलं होतं की त्याच मांडवात सरांचाही सत्कार उरकायचा. आम्हाला बोलायला जागाच ठेवली नाही. मला बायकांनी ओटी भरायला आत नेलं आणि सरांना फेटा बांधायला दुसरीकडं नेलं. आमच्याकडं पाहुण्याला फेटा बांधायला घेतला की तो बराच वेळ कुणाच्या कामाचा राहत नाही. त्यात सर मध्ये मध्ये टाचण्या काढून टाकत होते आणि फेटेवाला पुन्हा टोचत होता. साहेब सकाळी येणार होते, म्हणजे दुपारी आले. तोवर लोक उठून जाऊ नयेत म्हणून स्टेजवरचे स्पीकर चालू होते. गाणं ऐकू येत नव्हतं, फक्त छातीत धडधडत होतं.

मी बाहेर आले आणि स्टेजकडं बघितलं. सरपंचानं सरांचा शब्द अक्षरशः पाळला होता. गावचा इतिहास गावाला दिसावा म्हणून त्यानं पाइप स्टेजवर आणला होता. उभा ठेवायचा होता, हलू द्यायचा नव्हता. खुर्च्या डगमगत्या, टेबलाचा एक पाय आखूड. न हलणारी एकच वस्तू त्या स्टेजवर होती, ती म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीची स्पीकरची भिंत. पाइपाला भगवं कापड गुंडाळून, हार घालून, दोरीनं त्या भिंतीला घट्ट बांधला होता. मी जवळ जाऊन हात लावला तर माझे दात वाजले.

सर फेट्यासकट धावत आले. तेवढ्यात साहेबही आले होते आणि भाषण सुरू होत होतं. सर कुणाकडं न बघता स्टेजवर चढले आणि दोरी सोडायला लागले. साहेबांना वाटलं, विद्वान माणूस आपल्याकडं येतोय. त्यांनी लगेच सरांच्या गळ्यात हार घातला, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि त्यांचा दोरी धरलेला हात वर करून लोकांना दाखवला. टाळ्या झाल्या. सरांच्या ओठांची हालचाल मला दिसली. ते म्हणत होते, बंद करा, बंद करा. त्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

संध्याकाळपर्यंत मशिनं तळ्यात उतरली.

पुढचे कितीतरी दिवस सर त्या दगडी खोलीत होते. खांब उभा चिरून अर्धा भाग मोजायला घेतला, अर्धा ओला राहावा म्हणून प्लॅस्टिकमध्ये लपेटून ठेवला. एकेक तुकडा यंत्रात घालायचा, आकडा बघायचा, पुढचा घ्यायचा. मी शेजारी उभी असायची. खालचा तुकडा पूर्वेकडं. त्याच्या वरचा पूर्वेकडं. मधला पूर्वेकडं. अगदी वरचा, परवाच्या पावसाळ्यातला, तोही पूर्वेकडं. सगळ्या पंगती एकाच दाराकडं तोंड करून बसल्या होत्या.

सरांनी पाइपाचं रिकामं अर्धं कवच उचललं आणि मला दाखवलं. एका अंगाला काळा रंग घासून लागला होता, स्पीकरच्या खोक्याचा. तांबड्या रेघेपासून मोजलं तर तो डाग बरोबर पूर्वेला येत होता. "प्रत्येक स्पीकरच्या पाठीत मोठं चुंबक असतं," सर म्हणाले. "ओला गाळ तासन्‌तास हादरला, कण सुटे झाले आणि त्याच्याकडं वळले." एवढं बोलून त्यांनी कवच खाली ठेवलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, रागावतील. त्यांनी पुढचा तुकडा यंत्रात घातला, कारण तो मोजायचा राहिला होता.

ही बातमी प्राचार्यांपर्यंत कशी पोचली ते मला माहीत आहे, आमच्या शिपायाचे कान फार चांगले होते. मात्र त्याच्या कानात निष्कर्ष गेला आणि कारण बाहेरच राहिलं. दोन दिवसांत पेपरात आलं, की पृथ्वीचं चुंबक कैक शतकं आपल्याच जिल्ह्याकडं तोंड करून होतं. पूर्व म्हणजे कुठं, तर नकाशात पट्टी लावून बातमीदारानं ती शिरोळ-कुरुंदवाडच्या बाजूला काढली. कुरुंदवाडच्या एका तरुण मंडळानं लगेच स्वागत कमान उभारली, तिच्यावर ध्रुवनगरी असं लिहून. जगात भारी कोल्हापुरी हे आम्ही म्हणतच होतो, आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला.

सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले, मलाही नेलं. स्पीकरचं सगळं सांगितलं, काळ्या डागाचं कवच टेबलावर ठेवलं. प्राचार्यांनी कवच बोटानं जरा बाजूला सरकवलं, कारण खाली फाइल होती. महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार होती आणि फाइलवर सरांचा हार घातलेला फोटो होता.

"सर, शास्त्रात चुका होतातच," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "त्या नंतर दुरुस्त करता येतात. समिती एकदाच येते."

"पण हे खोटं आहे."

"खोटं नाही म्हणायचं. प्राथमिक म्हणायचं."

प्राचार्य मला वाईट माणूस वाटत नव्हते. त्यांना खरं आणि खोटं यातला फरक कळत होता, फक्त त्याची त्यांना घाई नव्हती. लपेटून ठेवलेला अर्धा खांब काचेच्या पेटीत घालून सभागृहात मांडायचा आणि पुढं देशभरच्या प्रयोगशाळांना त्याचे तुकडे पाठवायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. सर बाहेर पडले ते एकच गोष्ट बोलत, "तुकडे पाठवले तर लोक मोजतील. विश्वासानं मोजतील."

समितीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत समिती, दुसऱ्या रांगेत खास निमंत्रित म्हणून सरपंच, कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला फेटा. काचेच्या पेटीला झेंडूचा हार. सर उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "माझ्या नावावर जो शोध सांगितला जातोय तो साफ चुकीचा आहे. हे चुंबकत्व पृथ्वीचं नाही. स्टेजवरच्या स्पीकरचं आहे."

 मग समितीच्या अध्यक्षांना हसू आलं आणि त्यांनी टाळी वाजवली, तशी सगळ्यांनी वाजवली. प्राचार्यांनी माइक घेतला. "बघा, एवढा मोठा संशोधक, आणि किती विनोदी, किती विनम्र!"

"मी विनोद करत नाही," सर म्हणाले.

पुन्हा टाळ्या.

"कृपा करून टाळ्या वाजवू नका."

या वेळी जास्त वाजल्या. मला त्या सगळ्या सभागृहाचा इतका संताप आला की पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यात खुर्ची घालावी. माझी नोकरी प्राचार्यांच्या एका सहीवर होती, ते त्या वेळी आठवलंही नाही. मी उठून ओरडले, "अहो, खरं सांगतायत ते!" शेजारच्या बाईंनी मला पाणी दिलं.

 मग सरांनी शिपायाला सांगून प्लॅस्टिकची बादली पाण्यानं भरून आणवली. हार बाजूला केला, काचेची पेटी उघडली आणि तो अर्धा खांब लपेटणीतून दोन्ही हातांनी बाहेर घेतला. तो नेहमी उचलत तसाच अलगद उचलला. आणि बादलीत सोडला. बाह्या वर केल्या, गुडघ्यावर बसले आणि भाकरीचं पीठ मळावं तसा मळायला लागले. ढेकळं फोडली, तळापासून वर आणली, पुन्हा खाली दाबली. ज्या माणसाला दुसऱ्यानं चहा ढवळलेला बघवत नव्हता, तो आपल्या एकुलत्या एका तळ्याचा गाळ कोपरापर्यंत हात घालून कालवत होता. मला रडू फुटलं. मी ते लपवलंही नाही.

सर उठले. "आता यात काही नाही," म्हणाले. "आता हे कुणीही मोजा."

समिती अतिशय खूश झाली. तिच्या अहवालात या प्रसंगाचा उल्लेख आला, विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचं प्रभावी प्रात्यक्षिक असा. आम्हाला वरची श्रेणी मिळाली आणि प्राचार्यांनी चहा जाहीर केला.

सर बाहेर नळावर हात धूत होते. मी टॉवेल धरून उभी होते. सरपंच आला, फेटा काढून हातात घेतलेला. अख्ख्या सभागृहात माझ्याशिवाय सरांचं बोलणं खरं मानून ऐकलं ते त्या एकट्यानं.

"सर, आमच्या स्पीकरनं केलं व्हय हे?"

"हो," सर म्हणाले. समोरच्याला जरा सावरून घ्यावं, हे त्यांना कधी सुचलंच नाही.

"आन्‌ दुसरा गाळ?"

"तुम्ही सगळा काढला. उसात गेला."

"पुन्यांदा बसंल न्हवं?"

"बसेल. पण तुमच्यामाझ्या हयातीत नाही. जो काही बोटभर बसेल तो पुढच्या कुणाच्या तरी कामाला."

सरपंच फेटा काखेत मारून फाटकाकडं गेला. एवढ्या धिप्पाड माणसाची चाल एकदम म्हाताऱ्यासारखी झाली होती. "अहो, जरा गोड बोलायचं होतंत," मी म्हटलं. सरांनी ओल्या हातानं चष्मा पुसला आणि विचारलं, "का? त्यानं काय बदललं असतं?"

सर निवृत्त झाले. दगडी खोली गेली, तिथं सेल्फी पॉइंट आला. मला पुढच्या वर्षी तास मिळाले नाहीत, मग मी कागलच्या बाजूला एका शाळेत लागले. सर भेटले की बोलायचे, पण गाळाबद्दल नाही. मी विषय काढला तरी वळवायचे. मला भीती वाटायची की हा माणूस आता आतून संपत चाललाय.

दिवाळीनंतर सरपंचाचा फोन आला. गावची जत्रा आहे, सरांना घेऊन या. सर नको नको म्हणत होते, मी जवळजवळ ओढून नेलं. तळं काठोकाठ भरलं होतं. पाणी निवळलं होतं, म्हणजे पावसाळ्यातली पहिली माती खाली बसली असणार. सर पायरीवर उभे राहून बघत राहिले.

देवळाच्या बाजूला पोरं टेम्पोतून स्पीकर उतरवत होती. आमच्याकडं जत्रेतल्या स्पीकरचा आवाज पोलिसांनी सांगून कमी होत नाही, कोर्टानं सांगून होत नाही, म्हाताऱ्यांनी हात जोडून होत नाही. सरपंच मात्र लांबून ओरडत आला, "ये, उचला ते! काठावर एक खोकं ठेवायचं न्हाय! पल्याड माळावर न्हेऊन वाजवा! खाली सरांचा गाळ बसतोय, दिसत न्हाय व्हय? हलला तर जबाबदार कोण, तुझा बा?"

पोरांनी मुकाट्यानं खोकी परत टेम्पोत चढवली. हे पहिल्यांदा घडत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. गणपतीतही त्यानं असंच केलं होतं म्हणे, ग्रामपंचायतीत ठराव करून घेतला होता.

आता काठावर वाजणाऱ्या स्पीकरचं चुंबक एवढ्या पाण्याखालच्या गाळापर्यंत पोचत नाही. पाइप त्याला बांधला होता म्हणून तो प्रकार झाला, काठावरून काडीचाही फरक पडायचा नाही. हे मला कळत होतं. मग सरांना कळत नसेल? मी त्यांच्याकडं बघितलं. ते तोंड उघडत होते, आणि आता काय वाक्य येणार हे मला शब्दन्‌शब्द माहीत होतं. 

सरपंच घाम पुसत आमच्याजवळ आला. "बरुबर केलं न्हवं, सर?"

सरांनी एकदा पाण्याकडं बघितलं. मग त्याच्याकडं वळून म्हणाले, "अगदी बरोबर."